'रिकॉइल'चे मूळ 'कॉइल' नव्हे



मागे हटणे या अर्थाचा इंग्रजी शब्द 'रिकॉइल' स्प्रिंगच्या वेटोळ्यावरून, म्हणजे 'कॉइल'वरून आला, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत ग्राह्य नाही. 'कॉइल'च्या मुळाशी गोळा करणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. 'रिकॉइल' मात्र फ्रेंच 'रेक्युले'चा वंशज. त्याच्या पोटात लॅटिन 'कुलुस' आहे, म्हणजे चक्क ढुंगण! हा अर्थ लाजून दडवू नये.

तोफांना तो चपखल बसतो. १७३९ मध्ये मराठ्यांनी भाईंदरजवळचा धारावी किल्ला घेतला, तेव्हाचे उदाहरण घ्या. त्या काळच्या तोफा गोळा सुटताच गाड्यासकट मागे सरकत आणि पुन्हा जागेवर ओढाव्या लागत. गाडा स्थिर ठेवून फक्त नळी मागे जाऊ देणारी फ्रेंच ७५ मिमी तोफ १८९७ ची.

– एक वाचक, भाईंदर