नव्या गुडघ्यांची यात्रा

पूर्वी माणसे उतारवयात काशीला जात. हल्ली नव्या गुडघ्यांसाठी दूरदेशी जातात. इंग्लंडात सरकारी इस्पितळातील रांग लांब, अमेरिकेत खर्च अफाट. म्हणून तिकडची काही मंडळी विमानाने मुंबई-चेन्नई गाठतात आणि सांधे बदलून परततात. आपल्या सरकारने त्यांच्यासाठी खास वैद्यकीय व्हिसा ठेवला आहे. ज्या इंग्लंडात जॉन चार्नली यांनी १९६२ साली आधुनिक धर्तीचा कृत्रिम खुबा बसविला, तिथल्याच रुग्णाने इकडे यावे, हा काळाचा महिमा!

त्याच १९६२ साली आमच्या मुरूडचे अण्णासाहेब कर्वे एकशेचार वर्षांचे होऊन गेले. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेलेला हा माणूस! तसले गुडघे सर्वांना कुठून लाभणार?

आम्हा दापोलीकरांचा परदेश बहुधा मुंबईच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. सरासरी दीड लाखाहून अधिक किमतीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. मोठाच दिलासा! पण सांध्याची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे.

आमच्या आळीतील एक काकू मुंबईला लेकाकडे राहून गुडघा बदलून आल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली. खरी परीक्षा घेतली ती घरच्या जोत्याच्या पायऱ्यांनी आणि परसातल्या बसक्या संडासाने. नव्या गुडघ्याला वाकायला शिकवावे लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत व्यायामात हयगय झाली की तो आखडतो. जखम चिघळली तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा. सातासमुद्रापलीकडून आलेल्याचे तर अधिकच अवघड. शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा विमानप्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

तेव्हा वाचकहो, स्वस्ताईचा हिशेब इस्पितळाच्या बिलापाशी संपवू नका. मुंबईत किती दिवस आणि कुणाकडे राहायचे, घरी कमोड आणि कठडा कधी बसवायचा, व्यायाम कोण करवून घेणार, पुन्हा दाखवायला कोण नेणार, हे आधी कागदावर मांडा.

हा हिशेब पुष्कळ घरांत आईच्या गुडघ्यांचा असतो, आणि ती माउली "चालतंय अजून" म्हणत वर्षे ढकलते. या दिवाळीत करंज्या करताना तिला पाटावरून उठवून खुर्चीवर बसवा. आणि फराळ आटोपला की सगळ्यांनी मिळून हा विषय काढा.