शब्द त्यांचे, माणसे आमची

शेतकऱ्याच्या घरात समुदायाला नावे कमी नाहीत. केळ्यांचा घड, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, लाकडांची मोळी, कडब्याची गंजी, ज्वारीची रास, आंब्यांची अढी. घराबाहेर पडावे तर गुरांचे खिल्लार, मेंढ्यांचे खांड, पाखरांचा थवा, मुंग्यांची रांग. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घातला तर घरातले पोरदेखील हसेल. भाकऱ्यांची मोळी कोणी बांधीत नाही आणि मडक्यांचा थवा कोणी पाहिला नाही. हे शब्द पंडितांच्या पोथीतून आलेले नाहीत. जो वस्तू हाताळतो, जो जनावर राखतो, तोच तिच्या समुदायाला नेमके नाव देतो. कुंभाराला उतरंड ठाऊक, धनगराला खांड ठाऊक.

मग आम्ही विचारतो, ज्यांच्या तोंडी हे नेमके शब्द आहेत, तीच माणसे शे-पाचशेंनी एकत्र चालू लागली म्हणजे त्यांना मात्र नेमके नाव का मिळत नाही? कचेरीचा कागद पाहा, शहरची वर्तमानपत्रे पाहा. तेथे चारच शब्द फिरून फिरून येतात : जमाव, झुंड, टोळी, लोंढा. कोणी शहाणा म्हणेल, शब्दात काय आहे? आम्ही म्हणतो, पुष्कळ आहे. पाण्याच्या लोंढ्याला बांध घालतात, टोळधाड आली की तिला मारून हाकलतात, चोरांच्या टोळीला बेड्या घालतात. सभेचे मात्र ऐकून घ्यावे लागते. नाव ठरले की वागणूक ठरली.

लमाणांचेच उदाहरण घ्या. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे लोक मुलुखभर हिंडत. फौजांना दाणागोटा तेच पोचवीत. त्यांच्या चालत्या समुदायाचे नाव तांडा. तांडा आला म्हणजे गावाला मीठ आले, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. पुढे रेल्वे आली, बैलांवरची वाहतूक बुडाली आणि तांड्याचा धंदा गेला. तोवर 1871 साली इंग्रज सरकारने उत्तरेकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्यात जमात आणि टोळी हे शब्द शेजारी शेजारी बसवले होते. 1911 च्या कायद्याने तोच फास इतर इलाख्यांपर्यंत आणला. मग फिरस्त्या लोकांपैकी कित्येकांची नावे पोलिसांच्या दप्तरात चढली, हजेरी लागली, आणि सोलापुरास तर तारेच्या कुंपणात वसाहत झाली. माणसे कालचीच होती. तांडा जाऊन टोळी हा शब्द आला, एवढाच फरक. 1952 साली तो कायदा रद्द झाला, पण आजही गावात चोरी झाली की पहिला शिपाई पालावर जातो. कायदा मेला, शब्द जिवंत आहे.

आपल्यात म्हण आहे, पाचामुखी परमेश्वर. 1860 च्या दंडसंहितेनेही पाचाचाच आकडा धरला, पण तेथे परमेश्वर नाही. पाच किंवा अधिक माणसे बेकायदा हेतूने जमली म्हणजे बेकायदा जमाव! 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता अंमलात आली. कलमाचा आकडा 141 होता तो 189 झाला. पाच मात्र पाचच राहिले. नुसते जमणे हा गुन्हा नव्हे, हेतू बेकायदा असावा लागतो, हे कायदाच सांगतो आणि ते ठीकच आहे. पण जागेवर हेतू प्रथम ठरवतो कोण? बंदोबस्ताचा अंमलदार. म्हणून आमचे सांगणे असे की, पाच जणांनी जाताना आपला हेतू आधीच कागदावर लिहावा, सह्या-अंगठे करावे आणि एक प्रत जवळ ठेवावी.

लोंढा हा शब्द तर पाण्याचा. पाण्याला नाव नसते, गाव नसते, मागणे नसते. 2020 च्या टाळेबंदीत हजारो मजूर डोक्यावर बोचकी घेऊन रस्त्याने निघाले, तेव्हा त्यांना हेच नाव मिळाले. त्या वर्षी 8 मे रोजी जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघालेले 16 मजूर तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. रुळांवर भाकऱ्या विखुरल्या होत्या. लोंढा भाकरी बांधून घेतो काय?

आता ज्या शब्दाची आम्हांस सर्वांहून चीड येते, तो सांगतो. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतून बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. त्यांच्या समुदायालाही टोळीच म्हणतात. आणि टोळीत माणसे किती, असे मुकादमाला विचारा. तो माणसे सांगत नाही. तो कोयते सांगतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, मजुरी कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. ऊस तोडायला दोघे, मोळ्या बांधून डोक्यावर वाहायला बाई, पहाटे चूल पेटवायला बाई, आणि वहीत नाव मात्र एकट्या गड्याचे! लोहाराने घडवलेले हत्यार मोजले जाते; आईने जन्म दिलेली बाई मोजली जात नाही. कोयता गरोदर राहत नाही, कोयत्याला पाळी येत नाही, ताप येत नाही. मग त्याला सुट्टी कशाची आणि दवाखाना कशाचा? 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बोभाटा झाला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या हिशेबात बाईला नावच नाही, तेथे याहून वेगळे काय निपजणार?

उलट, आपल्या लोकांनी आपले नाव आपण ठेवले तेव्हा काय झाले, तेही पाहा. पंढरीच्या वाटेवर लाखो माणसे चालतात. त्यांना कोणी झुंड म्हणत नाही, कारण त्यांनी आपल्या चालण्याला दिंडी हे नाव दिले. दिंडीला क्रमांक आहे, विणेकरी आहे, चोपदार आहे. 1890 साली दीनबंधूचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. दोन कामकरी बायाही तेथे बोलल्या. त्याच वर्षी मालकांना आठवड्याची सुट्टी कबूल करावी लागली. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी मुंबईस पायी आले. दहावीच्या पोरांची परीक्षा होती, म्हणून शेवटची वाट त्यांनी रात्रीच चालून संपवली. दुसऱ्याच्या लेकराच्या पेपरासाठी सुजलेल्या पायांनी रात्रभर चालणाऱ्यांना जमाव म्हणण्याची छाती मग कोणाची झाली नाही.

तेव्हा, वाचकहो, दोन गोष्टी कराव्या. पहिली, आपल्या तोंडातला शब्द आवरावा. गावाबाहेर पाल पडले की टोळी उतरली असे म्हणू नये. जो शब्द आज आपण त्यांना लावतो, तोच उद्या शहरात आपल्या पोराला लागतो. दुसरी, ज्यांच्या घरचे कोणी तोडीला जाते त्यांनी मुकादमापाशी हट्ट धरावा की वहीत कोयता नको, गड्याचे नाव वेगळे आणि बाईचे नाव वेगळे लिहा. उचलीवर दोघांचा अंगठा घ्या. बाईच्या वाट्याची मजुरी बाईच्या हाती द्या. एकट्याने म्हटल्यास मुकादम हसेल, दुसरा कोयता पाहीन म्हणेल. सगळ्या वस्तीने म्हटल्यास त्याला वही फाडून नवी करावी लागेल. गाव करी ते राव न करी, हे आपणच म्हणतो ना? मग यंदा उचल घेण्यापूर्वी एकदा पारावर बसा, आणि बायांनाही बोलवा.