परवाना हुन्नर पाहून द्या, पावती पाहून नको



गेल्या काही हंगामांत पऱ्हाटीवर घोंगावणारा ड्रोन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. काहींनी भाड्याने आणून फवारणी करून घेतली, बाकीचे धुऱ्यावर उभे राहून पाहत राहिले. यंत्र चांगले की वाईट हा वाद आता शिळा झाला. खरा प्रश्न आहे तो ते यंत्र चालवणार कोण, हा. आपल्या गावातला पोरगा, पोरगी, की शहरातून गाडीत यंत्र घालून येणारा ठेकेदार? याचा निकाल वावरात लागत नाही, प्रमाणपत्राच्या कागदावर लागतो. म्हणून आज त्या कागदाचीच झडती घ्यायची आहे.

आधी नियम पाहू. सध्याचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी आले. त्याच वर्षी मार्चमध्ये आणलेले नियम इतके किचकट होते की पाच-साडेपाच महिन्यांत सरकारलाच ते गुंडाळावे लागले. २५ अर्जांचे ५ झाले, शुल्काच्या ७२ प्रकारांचे ४ झाले. चांगल्याला चांगले म्हणायला आमची जीभ अडखळत नाही. दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन साधारणपणे भरल्या टाकीनिशी २५ किलोच्या आत बसतो, म्हणजे नियमांच्या हिशेबात तो 'लहान' वर्गातला. तो चालवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण आणि तिथलीच परीक्षा. सरकारी शुल्क १०० रुपये. कागद १० वर्षे चालतो.

शंभर रुपये ऐकून हुरळून जाऊ नका. प्रशिक्षण संस्थेची फी वेगळी. चार-पाच दिवसांच्या शिकवणीचे बाजारात तीस हजारांपासून साठ हजारांच्या पुढेपर्यंत सांगतात, राहण्या-खाण्याचे वेगळे. शिवाय सप्टेंबर २०२३ पर्यंत अर्जाला पासपोर्ट लागत होता! पऱ्हाटीवर दहा फूट उडायला परदेशी जायचा दाखला. ज्याने हे कलम लिहिले त्याने ज्वारीचे ताट तरी पाहिले असेल का, कोण जाणे. खेड्यापाड्यातली पोरे अडून राहू लागली तेव्हा कुठे ते बदलले आणि मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, वाहन परवाना चालू लागला.

आता मुद्द्याला हात घालू. आपल्याला ड्रोन का हवा? मजूर मिळत नाही म्हणून, हे खरे. पण त्याहून मोठे कारण यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या खरिपात दाखवले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरलेले २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यांत पडले. डोळ्यांची आग, उलट्या, श्वास लागणे हे कापूस पिकवणाऱ्या घराला सांगावे लागत नाही. त्या विषारी धुक्यातून माणूस बाहेर काढणारे यंत्र मिळत असेल तर त्याला नाही म्हणणारा करंटा.

परंतु माणूस धुक्यातून बाहेर आला म्हणजे विषातून सुटला असे नाही. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी जाते. ड्रोनला दहा लिटरच्या आसपास. औषधाची एकरी मात्रा मात्र तेवढीच. म्हणजे टाकीतले मिश्रण पंधरा-वीस पट तीव्र होते. ते कालवणारा, टाकीत ओतणारा, सांडले तर पुसणारा मदतनीस धुऱ्यावरच उभा असतो, बहुधा उघड्या हातांनी. चालक दूर उभा राहून कळफलक दाबतो. उद्या एखाद्याला विषबाधा झाली तर पहिला नंबर त्या मदतनिसाचा. त्याला शिकवायची सक्ती पायलटच्या प्रमाणपत्रात नाही.

दुसरी गोष्ट थेंबाची. पाणी कमी म्हणून थेंब बारीक, आणि बारीक थेंब वाऱ्यावर जातो. दुपारच्या उन्हात तो पानावर पोचण्याआधीच अर्धा सुकतो. शेजारच्या बांधावर तुती असेल आणि घरात रेशीम किडे असतील तर कीटकनाशकाचा एक झोत शेजाऱ्याचे अख्खे पीक घालवील. आणि तणनाशकाचे तर विचारूच नका. काल ज्वारीत किंवा उसात २,४-डी मारून आलेली टाकी नीट न धुता आज पऱ्हाटीवर फिरवली तर पाने आक्रसून वेडीवाकडी होतील. ते चालकाला कळेल तोवर तो तिसऱ्या गावात गेलेला असेल. चालक तयार आहे की नाही याची आमच्या मते खरी परीक्षा हीच: टाकी कशी धुतोस, वारा कशाने मोजतोस, तारांच्या खालून वळतोस कसा, हातमोजे कोणी घालायचे?

सरकारला हे कळत नाही असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ दिवसांचे शिक्षण ठेवले: उडवण्याचे ५ दिवस, खते-औषधे फवारण्याचे १० दिवस. म्हणजे फवारणे शिकायला उडवण्याच्या दुप्पट वेळ लागतो, हे सरकारने स्वतःच्याच कागदावर मान्य केले. कृषी मंत्रालयाच्या डिसेंबर २०२१ च्या कार्यपद्धतीतही चालकाला औषध सुरक्षितपणे वापरण्याचे ज्ञान हवे असे म्हटले आहे. पण पदरचे पैसे भरून जाणाऱ्या पोराच्या हाती पडणारा कागद उडवण्याचा. फवारणीचा वर्ग काही संस्था घेतात, त्याचे पैसे निराळे.

आणि परीक्षा घेतो कोण? फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने लायसन गेले, प्रमाणपत्र आले, आणि ते देण्याचा अधिकार प्रशिक्षण संस्थेकडे गेला. शिकवणारा तोच, तपासणारा तोच, पास करणारा तोच, आणि फी घेणाराही तोच. नापास केले तर पुढचे गिऱ्हाईक येणार कसे? सगळ्याच संस्था वाईट असे आम्ही म्हणत नाही, मन लावून शिकवणारेही आहेत. परंतु कापसाची प्रत व्यापाऱ्यानेच ठरवायची आणि काटाही त्यानेच मारायचा, या व्यवहाराची फळे आपण पुरेशी चाखली आहेत.

बाहेर काय चालते? अमेरिकेत २०१६ पासून धंद्यासाठी २५ किलोच्या आतला ड्रोन उडवायला १६ वर्षे वय पुरे. साठ प्रश्नांची लेखी परीक्षा, सत्तर टक्के गुण. शाळेत जाण्याची सक्ती नाही. घरी अभ्यास करा नाहीतर शाळेत जा, परीक्षा केंद्रावर द्या. औषध फवारायचे तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे उडवणे वेगळे तोलले, विष हाताळणे वेगळे. चीनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत नेहमीच्या शेती ड्रोनला वैमानिकाचा परवानाच नाही. यंत्र बनवणाऱ्यानेच चालकाला शिकवायचे, तपासायचे आणि दाखला द्यायचा. तिथेही तपासणारा विकणाराच, हे आम्हाला पटत नाही. अमेरिकेची रीत मात्र आपल्याला घेण्यासारखी आहे, आणि तिच्यात हात चालवून दाखवण्याची परीक्षा नाही ती आपण वावरात घ्यावी.

आता गावात ड्रोन गट काढू पाहणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. पूर्ण संच साधारण दहा लाखांचा. नमो ड्रोन दीदीत बचतगटाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख, आणि वर्षाला निदान एक लाखाची जादा कमाई होईल असा सरकारचा अंदाज. एकरी ४०० रुपये मिळाले आणि चालक, मदतनीस, गाडी, जनरेटर, बॅटरीची झीज जाऊन २०० हाती राहिले असे धरा. एक लाखासाठी ५०० एकर. दिवसाला वीस एकर झाले तर पंचवीस दिवस. कागदावर सोपे वाटते. पण कोरडवाहू भागात सगळ्यांना फवारणी एकाच आठवड्यात हवी असते, मध्येच पाऊस, मध्येच वारा. एका बॅटरीवर दहा-एक मिनिटांचे उड्डाण, आणि वीज रात्री दोनला. पाऊस ओढ धरला त्या वर्षी कोणी फवारत नाही, हप्ता मात्र सुटत नाही. योजनेबाहेरच्या सर्वसाधारण शेतकऱ्याला जाहीर झालेली सवलत ४० टक्के, कमाल ४ लाख. उरलेले ६ लाख याच हिशेबाने फिटायला ३,००० एकर, व्याज सोडून.

तेव्हा गावागणिक एक यंत्र हा शौक आपल्याला परवडणारा नाही. पाच-सहा गावांनी मिळून एक यंत्र घ्यावे आणि प्रमाणपत्रवाले चालक दोन असावेत. योजनेत गटाची एकच बाई पायलट होते; ती आजारी पडली, लग्न होऊन गेली, तर यंत्र ओसरीत ताडपत्रीखाली. आणि यंत्राच्या आधी दुरुस्तीवाला शोधा. ऐन बोंडे भरताना पंखा मोडला आणि सुटा भाग पुण्याहून यायला दहा दिवस लागले तर हंगाम गेला.

घाई आणखी एका कारणासाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. २०२१ च्या नियमांत जास्तीत जास्त एक लाख दंड होता, या मसुद्यात तुरुंगवासही घातला आहे. विमानतळाच्या धावपट्टीवर ड्रोन नेणारा आणि नोंदणी नसलेल्या यंत्राने स्वतःच्या तीन एकरांवर फवारणारा, दोघांना एकाच चाबकाने हाकायचे ठरले तर गावातला पोरगा यंत्राला हातच लावणार नाही. ठेकेदाराला वकील परवडतो.

जिल्हा बैठकीत यावर ठराव यायचा आहे. परीक्षा संस्थेपासून वेगळी काढून कोणालाही थेट देता यावी. ती कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या आयटीआयत, शक्यतो उभ्या पिकात व्हावी. फवारणीचा भाग सक्तीचा आणि मदतनिसालाही लागू असावा. दहावीच्या जागी वीस-वीस वर्षांचा फवारणीचा अनुभव धरावा. यात भर घालायची असेल ती घालावी. तालुका प्रतिनिधींनी येताना गावागणिक तीन आकडे लिहून आणावेत: गेल्या खरिपात किती एकरांवर ड्रोन फिरला व काय दराने, त्यातल्या किती चालकांनी प्रमाणपत्र दाखवले, आणि औषध कालवणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात मोजे होते.