पाकीट बंद करण्याचा हक्क

"ज्याच्या मनांत काळें नाहीं, त्यानें लपवावें कशाला?" हा प्रश्न आमच्यांतील कित्येक शिकलेसवरलेले गृहस्थ अशा थाटानें विचारतात कीं, जणूं वाद तेथेंच संपला. ई-मेलचें खाजगी पत्र एन्क्रिप्ट करून, म्हणजे ज्यास पाठवावयाचें त्याच्यावांचून इतरांस वाचतां येऊं नये अशा कूटरूपांत बांधून, पाठवावें एवढें सुचविलें, कीं सुचविणाराच संशयित ठरतो! यांचेच वडीलधारे मुलीच्या लग्नाचीं बोलणीं पोस्टकार्डावर करीत नसत. अधिक पैसे मोजून ते पाकीट घेत आणि डिंकानें नीट चिकटवीत. त्यांत काळें काय असे? देण्याघेण्याचा आकडा, मुलाच्या प्रकृतीची चौकशी, एखाद्या आत्याबाईंच्या तोंडाळपणाची तक्रार. यांत गुन्हा कांहीं नव्हे. पण वाटेंत कोणीं वाचावें असेंहि कांहीं नव्हे. शिवाय पत्र एकट्याचें नसतें. सासरीं होणारा जाच मुलगी आईला लिहिते, तेव्हां "मला काय लपवावयाचें आहे?" असें म्हणून तें पत्र उघड्यावर ठेवण्याचा अधिकार आईला कोणीं दिला?

ई-मेलला पाकीट आहे, हा तर निव्वळ भ्रम आहे. तें पत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर जातें. वाटेवरच्या तारांत आज तें बहुधा झांकलेलें असतें, हें खरें; परंतु मुक्कामावर तें उघडें होतें, आणि ज्या कंपनीकडे आपलें खातें असेल तिला वाचतां येईल अशाच रूपांत तें सामान्यतः तिच्या कोठारांत पडून राहतें. जाहिराती जुळविण्यासाठीं गूगल कंपनी आपल्या यंत्रांकडून जीमेलमधील पत्रें चाळून घेत असे. ही चाल बंद करण्याचें तिनें २०१७ सालीं जाहीर केलें. बंद केली हें बरेंच झालें. पण ती चालू असावी कीं नसावी हें ठरविणारी कंपनीच होती, हें विसरतां कामा नये.

यावर तोड निघून आज बरींच वर्षें झालीं. १९७६ सालीं डिफी आणि हेलमन या दोघां अमेरिकनांनीं जोडकिल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली. एका किल्लीनें कुलूप लागतें. ती चारचौघांत खुशाल वाटावी. दुसरीनें तें उघडतें. ती आपल्यापाशींच राहते. याच तत्त्वावर फिल झिमरमन यांनीं १९९१ सालीं 'पीजीपी' ही प्रणाली रचून सर्वांस फुकट दिली. बक्षीस काय मिळालें? अमेरिकेच्या कायद्यांत त्या वेळीं बळकट कूटविद्येची गणना दारूगोळ्यांत होत असे. म्हणून हा माल परदेशीं गेल्याबद्दल १९९३ पासून त्यांच्यामागें चौकशी लागली, आणि १९९६ च्या जानेवारींत खटला न भरतांच ती गुंडाळण्यांत आली. दरम्यान १९९५ सालीं एमआयटी प्रेसनें त्या प्रणालीचा सगळा मजकूर पुस्तकरूपानें छापून टाकला होता!

आमच्याकडेहि असा प्रसंग आला होता. २०१५ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें कूटविद्येविषयींच्या धोरणाचा मसुदा पुढें केला. कूटरूपांत पाठविलेला मजकूर नागरिकानें साध्या रूपांत ९० दिवस जपून ठेवावा व मागतांच दाखवावा, असें त्यांत होतें. म्हणजे पाकीट बंद करा, पण नक्कल आमच्यासाठीं ठेवा! ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत मसुदा मागें घेतला गेला. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

"मग गुन्हेगारांचें काय?" हा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. गुन्हेगारहि कुलूप लावतात. परंतु माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमान्वये, कारणें लिहून ठेवून, विवक्षित मजकूर उलगडून देण्याचा हुकूम सरकारला करतां येतो, आणि तो न मानणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊं शकते. हा अधिकार कोठें व किती वापरावा हा वाद निराळा. एका इसमाला हुकूम करणें वेगळें, आणि प्रत्येक कुलपाची जादा किल्ली आधींच मागून ठेवणें वेगळें. किल्ली कोणाच्या हातांत आहे हें कुलपाला कळत नाहीं. ग्रीसमध्यें व्होडाफोनच्या टेलिफोन-केंद्रांत, कायद्यानें संभाषण ऐकतां यावें म्हणून, यंत्रांतच एक सोय होती. २००४ सालीं अज्ञात इसमांनीं तीच सोय ताब्यांत घेतली आणि २००५ पर्यंत खुद्द पंतप्रधान करामनलिस यांच्यासह सुमारें १०० जणांचे टेलिफोन चोरून ऐकले. पहाऱ्यासाठीं ठेवलेल्या खिडकींतूनच चोर आंत शिरला!

कूटपत्रानें सारेंच झांकतें असेंहि नाहीं. कोणीं, कोणास, केव्हां लिहिलें हें दिसत राहतें. पत्राचा विषयहि बहुधा उघडाच असतो. आणि आपली किल्ली हरवली तर जुनीं पत्रें आपल्यालाच पारखीं होतात. शिवाय हें सर्व किचकट, ही तक्रारहि खरी. १९९९ सालीं व्हिटन आणि टायगर यांनीं १२ जणांना पीजीपीनें पत्र पाठविण्यास बसविलें, तेव्हां दीड तासांत तें त्यांच्यापैकीं एकतृतीयांश लोकांनाच साधलें. दोष त्या बिचाऱ्यांचा नव्हे, साधन घडविणारांचा. पण आतां ती सबब पूर्वीइतकी चालणार नाहीं. २०२० पासून थंडरबर्डमध्यें ही सोय आयती मिळते, आणि प्रोटॉन मेलच्या दोन खातेदारांमधील पत्र आपोआप बंद होतें. आपल्या छापील कार्डावर ई-मेलचा पत्ता मोठ्या हौसेनें देणाऱ्या वकील-डॉक्टरांनीं कुलूप लावण्याची किल्ली कोठें मिळेल हेंहि त्याच्याखालीं छापावें, अशी मागणी त्यांच्या अशिलांनीं आणि रोग्यांनीं अजून केलेली नाहीं. ती आतां तरी करावी.