प्रमाणातच गुण

१९४५ साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहराने पिण्याच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड मिसळण्यास आरंभ केला. त्यानंतर तेथे जन्मलेल्या मुलांच्या दातांतील कीड निम्म्याहून अधिक घटली. फ्लोराइडमुळे दातांचे कठीण कवच बळकट होते, हे खरे. तथापि, सर्वत्र तोच उपाय योजणे शहाणपणाचे नव्हे. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच अधिक आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मुलांचे दात डागाळतात. पुढे हाडेही विकृत होतात. जेथे ते कमी, तेथे दातांना त्याचा लेप अवश्य द्यावा. जेथे अधिक, तेथे प्रथम निर्दोष पाणी पुरवावे. उपायाआधी पाण्याची परीक्षा हवी. अति तेथे माती, हे औषधालाही लागू आहे.