सुई, तबकडी आणि ऐकणारे

दुकानात शिरल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, 'काका, बजेट किती?' मीही भाबडेपणानं आकडा सांगून मोकळा झालो. साठ हजार. झालं! पुढचा पाऊण तास तो तरुण विक्रेता साठाचे पंचाऐंशी कसे करावेत, हे मला समजावत राहिला. जपानी टर्नटेबल, इंग्लिश ॲम्प्लिफायर, जर्मन हेडफोन, आणि हे सगळं एकमेकांना जोडायला म्हणून एक वायर, किंमत फक्त आठ हजार! एवढ्या वेळात त्यानं मला एक प्रश्न मात्र विचारला नाही. तुमच्याकडे तबकड्या कोणत्या आहेत?

माझ्या मते सगळी निवड या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. हल्ली माळ्यावरच्या पेट्या पुन्हा खाली निघू लागल्या आहेत, आणि आपल्या घरांतल्या या पेट्यांमधला माल मोठा सरमिसळ असतो. आजोबांच्या नाट्यपदांच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या, वडिलांच्या वेळच्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या भावगीतांच्या, आणि ३३च्या एल.पी. अशा तीन पिढ्या तिथे एकावर एक झोपलेल्या असतात. परदेशी मासिकांतले सल्ले गृहीत धरतात की घरात नुसत्या एल.पी. आहेत. आपण ते सल्ले वाचून यंत्र घरी आणतो आणि मग कळतं की त्याला ७८ची गतीच नाही.

मी काही ध्वनितज्ज्ञ नव्हे. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासल्या. पण या एका खरेदीत मी दीड वर्ष घातलं, दोनदा फसलो, आणि त्याला कारण होतं माझ्या मामांची पेटी.

तळीये हे माझं आजोळ. महाड तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. मामा मुंबईत गिरणीत होते. गणपतीला गावी येताना त्यांच्या डोक्यावर ट्रंक आणि हातात चावीचा ग्रामोफोन असे. वाडीत तेव्हा वीज नव्हती आणि या यंत्राला ती लागतही नसे. चावी भरायची, तबकडी ठेवायची, पत्र्याच्या डबीतून पोलादी सुई काढून बसवायची. एका सुईनं एकच बाजू वाजवायची असा नियम डबीवर छापलेला. मामा मात्र सुई दगडावर घासून चार-चार बाजू वाजवत. पुढे त्यांनी एचएमव्हीचा फिएस्टा घेतला, बॅटरीवरही चालणारा. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि मामा पेटीसकट कायमचे गावी आले. संध्याकाळी अंगणात फिएस्टा लागला की शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं खळ्यावर बसल्यासारखी येऊन बसत. बालगंधर्व, हिराबाई, शाहीर साबळे, प्रल्हाद शिंदे! निवड मामांची, फर्माइश मात्र सगळ्यांची.

१९९६च्या गणपतीत फिएस्टाची मोटर गेली. 'मुंबईला नेऊन बघ होतंय का काही,' म्हणून मामांनी यंत्र आणि पेटी माझ्या हवाली केली. दुरुस्ती झाली नाही. पेटी माझ्या डोंबिवलीच्या माळ्यावर गेली. पुढे २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, तेव्हा मामा फोनवर म्हणाले होते, आपला डोंगर तसला नाही. मामा-मामी त्यानंतर काही वर्षांनी गेले, घराला कुलूप लागलं. २२ जुलै २०२१ रोजी तो डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. मामांचं घर बंद होतं. शेजार बंद नव्हता.

त्या अंगणातलं जे काही उरलं, ते माझ्या माळ्यावर होतं. म्हणून हा खटाटोप.

पहिली चूक लगेच केली. बॅगेसारखा मिटणारा, दिसायला गोजिरवाणा, स्वस्त प्लेअर घेऊन आलो. या बहुतेक पेट्यांत सिरॅमिक जातीची सुई असते आणि ती तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते. चांगल्या मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजचं काम दोन ग्रॅमच्या आसपास भागतं. तुम्ही म्हणाल, चार ग्रॅमचा तो फरक काय, मामांच्या ग्रामोफोनचा भार तर शंभर ग्रॅमच्या वर होता! खरं आहे. पण ७८ची तबकडी लाखेची. तीच लाख, जी आपल्याकडे छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांपासून निघते. तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली असे, ती मुद्दामच, पोलादी सुई घासून चराच्या मापाची व्हावी म्हणून. तिथे झिजायची ती सुई. व्हिनाइलच्या एल.पी.त उलटं आहे. सुई हिऱ्याची, तबकडी मऊ, आणि चर केसासारखा बारीक. तिथे झिजते ती तबकडी, आणि झिजलेला चर कुठल्याही दुकानात भरून मिळत नाही. ज्याच्याकडे दुकानातून पुन्हा आणता येतील अशाच तबकड्या आहेत त्यानं खुशाल गोजिरवाणी पेटी घ्यावी. माझ्याकडच्या बऱ्याच पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या. महिन्याभरात ती पेटी भाच्याला देऊन टाकली. (त्यानं ती दिवाणखान्यात शोभेला ठेवली आहे. तिथे ती छान दिसते.)

तेव्हा माझं पहिलं मत असं की पैसे सुईपासून मोजायला सुरुवात करावी. आणि आपल्या सरमिसळ पेटीसाठी सुया दोन लागतात. ७८च्या सुईचं टोक एल.पी.च्या सुईपेक्षा तीन-चार पट जाड असतं. बारीक सुई रुंद चरात घातली तर ती तळाशी, जिथे साठ वर्षांची धूळ बसलेली असते तिथे, लोळत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकवते. उलट जाड सुई एल.पी.वर ठेवणं म्हणजे शेताच्या बांधावरून ट्रक नेणं! म्हणून कार्ट्रिज असं घ्यावं, ज्याची सुई हातानं ओढून काढता येते आणि त्याच अंगावर दुसरी बसते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत ही सोय आहे, ७८साठी तिची वेगळी सुई मिळते. ऑर्टोफोनचंही ७८साठी खास कार्ट्रिज आहे. सुई बदलली की दांड्यामागचं वजन पुन्हा जुळवायचं, कारण जाड सुईला भार जास्त लागतो. किती, ते तिच्या डबीवर लिहिलेलं असतं.

मग टर्नटेबल. रेगाचा प्लॅनर १ मी ऐकला आणि खरं सांगतो, आवाजावर जीव जडला. पण त्याला ३३ आणि ४५ या दोनच गती. मामांची निम्मी पेटी मुकी राहिली असती. शेवटी ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्स घेतला. तिन्ही गती, दांड्याचं वजन जुळवण्याची सोय, आणि मोटर थेट तबकडीखाली, म्हणजे रबरी पट्टा नाही. दमट हवेत रबराचं काय होतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. रसिक मंडळी म्हणतील, प्लॅनरच्या तुलनेत आवाजात एक पाऊल मागे. असेल. पण न वाजणाऱ्या तबकडीचा आवाज कितीही उत्तम असून काय उपयोग?

मधला दुवा म्हणजे फोनो प्रीॲम्प. याबद्दल घरोघरी गोंधळ असतो. सुईतून निघणारी वीज चार-पाच मिलिव्होल्ट, सीडी प्लेअरच्या काही शेकड्यांनी कमी. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या हेलकाव्यांनी चर एकमेकांत घुसतील. ऐकताना हे उलटं करून घ्यावं लागतं, आणि त्याचं ठरलेलं माप १९५४ सालापासून जगभर एकच आहे. म्हणून टर्नटेबलची वायर तशीच साध्या ॲम्प्लिफायरला लावली तर आवाज डबक्यातल्या डासासारखा येतो. माझ्या यंत्रात हा प्रीॲम्प आतच आहे. सुरुवातीला तेवढा पुरतो. पुढेमागे मन झालं तर वेगळा घ्यावा, बटण दाबून आतला बंद करता येतो. आठ हजारांची वायर मात्र घेऊ नये. मी घेतली नाही आणि मला झोप लागते.

आता हेडफोन. नातवाचा अभ्यास, सौभाग्यवतींच्या मालिका आणि भिंतीपलीकडचे सज्जन शेजारी, यांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला रात्री दहानंतर दुसरा मार्ग नाही. इथे मी दुसऱ्यांदा फसलो. कानाभोवती गच्च बसणारे बंद हेडफोन घेतले आणि दाराची घंटा, कुकरची शिट्टी, 'अहो, ऐकलंत का' हे सगळं बंद झालं. तिसरी गोष्ट महागात पडली. शिवाय आपल्या उन्हाळ्यात कान उकडून निघतात. घरी ऐकायला उघड्या पाठीचे हेडफोन बरे. सेनहायजरचा १९९७ सालचा एचडी ६०० अजून लोक नावाजतात, पण तो ३०० ओहमचा, त्याला बरा हेडफोन ॲम्प्लिफायर पाहिजे. मी १२० ओहमचा एचडी ५६०एस घेतला आणि त्याला साधासा ॲम्प्लिफायर. दुकानात चष्मा घालून वीस मिनिटं डोक्यावर ठेवून बघावा. तांत्रिक तक्त्यापेक्षा कानशिलं जास्त खरं बोलतात.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. हेडफोनमध्ये जुन्या तबकडीची प्रत्येक टिचकी थेट मेंदूत वाजते. खोलीत स्पीकरवर तीच टिचकी हवेत विरते. त्यावर सोपा उपाय आहे. ७८च्या तबकड्या मोनो असतात, दोन्ही कानांचे आवाज एकत्र करून ऐकावेत, खरखर लक्षात येण्याइतकी कमी होते. आणि आधी तबकडी धुवावी. एल.पी.ला मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचे दोन थेंब, मधलं लेबल कोरडं ठेवून. लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनही लावू नये, लाख त्यात विरघळते. पेटीतली निम्मी मंडळी बुरशीनं पांढरी पडली होती. एकेका रविवारी पाच-पाच धुतल्या. ज्यांना अधिक खोलात जायचं असेल त्यांच्यासाठी मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं, सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, भरपूर लिहून ठेवलं आहे.

माझा मुलगा म्हणतो, बाबा, ही गाणी मोबाइलवर फुकट आहेत. आहेतही बरीचशी. मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण रात्री हेडफोन लावून मामांच्या तबकड्या ऐकताना मला एक वेगळीच रुखरुख लागायची. आवाज इतका स्वच्छ, की पेटीवाल्यानं घेतलेला श्वास ऐकू यावा, आणि तरी काहीतरी कमी. जॉन कॉसनं १९५८ साली स्टीरिओ हेडफोन बाजारात आणले, १९७९मध्ये वॉकमन आला, आणि गाणं ज्याचं त्याच्या कानात गेलं. मामांच्या यंत्राला असला एकांत ठाऊकच नव्हता.

यंदा दिवाळीनंतर मुलाच्या गाडीत तो आठ किलोचा टर्नटेबल गोधडीत गुंडाळला आणि तळीयेला गेलो. शेजारच्या मामी आता कंटेनरचे दिवस काढून म्हाडानं बांधलेल्या नव्या घरात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्या दुपारी मुलाकडे महाडला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. टीपॉयवर यंत्र मांडलं, तर हेडफोनमध्ये 'घूं' असा घुमारा. अर्थिंगची छोटी वायर मी डोंबिवलीलाच सैल सोडून आलो होतो. ती आवळली, प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची ४५ची तबकडी लावली, आणि मोठ्या अभिमानानं हेडफोन मामींच्या कानांवर ठेवला. त्यांनी दोन ओळी ऐकल्या असतील नसतील, काढून हातात घेतला.

'मी एकटीच ऐकू? आन् ही पोरं काय माझ्या तोंडाकडं बघतील?'

दारात खरंच चार पोरं, दोन सुना आणि एक म्हातारे गृहस्थ उभे होते. बरं की मुलानं त्याचे छोटे स्पीकर, आत ॲम्प्लिफायर असलेले, गाडीत टाकले होते. साठ हजारांच्या माझ्या हिशेबात त्यांना जागा नव्हती. आज कुणी विचारलं तर मी सांगेन, हेडफोन एक पायरी खालचा घ्या, पण स्पीकरची जोडी पहिल्याच दिवशी घ्या. सुईत मात्र काटकसर करू नका.

स्पीकर लावले, तबकडी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. माणसं भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या कडव्याच्या आधी मामींनी एकदम हात वर केला, पोरांना गप्प करावं तसा, आणि त्या वाट बघत राहिल्या. मला आठवलं. इथे फिएस्टाची सुई दर वेळी उडायची आणि एकच शब्द तीन-तीनदा म्हणायची. मामा मग हळूच दांड्याला बोट लावत. वाडीतली पोरं ते गाणं तसंच, तीनदा म्हणत मोठी झाली होती. आता सुई सरळ पुढे गेली, कडवं नीट लागलं.

मामींचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

'सुई बदललीस व्हय रं?'