नशिबावर ढकललेला हिशेब

गावातला एखादा माणूस पाच-दहा वर्षांत बंगला बांधतो, दारात गाडी उभी करतो आणि पारावर निवाडा होतो, नशीब काढलं गड्यानं! त्याच्या कष्टांचं नाव क्वचितच निघतं. या निवाड्याला माझा विरोध आहे. तो कष्टानं कमावणाऱ्याचं श्रेय हिरावतो आणि लबाडीनं कमावणाऱ्याला मोकळं सोडतो.

हा निवाडा सगळ्यांना सारखा लागूही होत नाही. जमशेदजी टाटांबद्दल बोलताना आपण दूरदृष्टी सांगतो, चिकाटी सांगतो. आपल्या मुलीला चांगली नोकरी लागली, तर तिनं रात्र रात्र जागून केलेला अभ्यास सांगतो. नशीब वाट्याला येतं ते चुलतभावाच्या, शेजाऱ्याच्या, शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राच्या. टाटांशी आपली बरोबरी कधी नव्हतीच, त्यामुळे त्यांचं यश आपल्याला टोचत नाही. चुलतभावाचं शेत मात्र आपल्याच बांधाला लागून असतं. शाळा तीच, पाऊस तोच. त्याचे कष्ट मान्य केले की त्याच वर्षांत आपण काय केलं, हे स्वतःला विचारावं लागतं. ते टाळायला नशीब सोयीचं पडतं. यामागे दुष्टपणाच असतो असं नाही, बहुतेक वेळा दुखावलेलं मन असतं. पण मन दुखावलं म्हणून निवाडा खरा होत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घ्या. राजानं जमीन दिली, कर्ज दिलं आणि कारखाना उभा राहिला, एवढंच सांगितलं तर ती सरळ नशिबाची गोष्ट होते. तिच्या आधीची वर्षं पाहा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही असं आढळलं आणि तो रस्ता बंद झाला. मग यांत्रिक आरेखन शिकले, शिकवलं. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाकडे आले, सायकलींचं दुकान चालवलं. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडानं जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. 1910 साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी मदत केली, तीही कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर, जिथे निवडुंग आणि सापच होते. नशीबच मोजायचं तर दृष्टिदोष मोजा, हुकलेली बढती मोजा, पडून राहिलेले नांगर मोजा. त्या खात्यावर आधी तोटाच दिसतो. राजाश्रय हे भाग्य होतं, मान्य. पण राजाला ज्याच्यावर पैसे लावावेसे वाटले, तो माणूस वीस वर्षं घडत होता.

भाग्य दोघांना सारखंच लाभलं, तर पुढे काय होतं? पुणे वाढलं तसे हडपसरच्या बाजूच्या शेतांचे भाव चढले, यात शेतकऱ्यांचं कर्तृत्व काही नव्हतं. शहराच्या कडेच्या पुष्कळ घरांत जमिनीचा पैसा आला आणि गाड्यांत, लग्नांत, निवडणुकांत विरून गेला. मगरपट्ट्याच्या सुमारे 120 कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकारानं कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले आणि स्वतःच नगर वसवलं. भाऊबंदांना एका कागदावर सह्या करायला लावणं काय असतं, हे ज्यांच्या घरात वाटणीचा दावा चालला आहे त्यांना सांगायला नको.

आता नशीबवाद्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा. कष्टानं पैसा येत असता तर ऊसतोड कामगार सगळ्यांत श्रीमंत झाले असते, असं ते म्हणतात. मुद्दा बिनतोड आहे. बीडकडचं जोडपं मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उजाडायच्या आत दोघं फडात उतरतात आणि हंगाम संपला तरी पुष्कळदा उचल फिटलेली नसते. त्यांना ‘कष्ट करा, मोठे व्हाल’ असं व्याख्यान ऐकवणाऱ्यांची मला चीड येते. कष्ट पुरेसे असतात असं मी म्हणतच नाही.

पण कष्ट पुरत नाहीत, यावरून नशीब कसं सिद्ध होतं? ऊसतोडीचा दर माणसं ठरवतात, उचलीच्या अटी माणसं घालतात. कुळांचंही असंच होतं. दुसऱ्याची जमीन कसायची आणि खंड भरायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या कपाळावर लिहिलेलं मानलं जाई. 1948 चा कुळकायदा 1956 साली दुरुस्त झाला आणि 1 एप्रिल 1957 रोजी मुंबई राज्यातली असंख्य कुळं कायद्यानं कसत्या जमिनीची मालक ठरली. पळवाटा निघाल्या, अनेकांना आधीच बेदखल केलं गेलं, हेही खरं. तरीही ज्याला प्रारब्ध म्हणत होते तो नियम होता आणि तो बदलता आला. म्हणून माझं म्हणणं असं की संपत्ती होते ती कष्टांतून, पण त्या कष्टांच्या फळात करणाऱ्याचा हिस्सा असेल तेव्हाच. लक्ष्मणरावांचा होता, मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी तो मिळवला, कोयत्याला तो दिलाच जात नाही.

ज्यानं काहीच न करता कमावलं, त्याच्याकडेही याच नजरेनं पाहायला हवं. नवा रस्ता जाहीर होण्याच्या थोडंच आधी कुणी तरी नेमक्या त्याच पट्ट्यात जमिनी घेतो आणि मोबदल्यात मालामाल होतो. गाव त्याला नशीबवान म्हणतं, आणि चौकशी तिथेच थांबते. जमिनीच्या फेरफाराची तारीख आणि भूसंपादनाच्या अधिसूचनेची तारीख, एवढे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सरकारी दप्तरात असतात आणि कुणालाही मागता येतात.